क्यू-30 खालचं सगळं कापलं आणि मातीतले जिवाणूच गायब झाले: रीड्सची छाटणी कुठवर करायची?

सांगोला_माती
सोमवार, रात्री 10:52

नमस्कार. मी सोलापुरात पीएच.डी. करते. विषय आहे डाळिंबाच्या मुळाजवळच्या मातीतले जिवाणू. सांगोला तालुक्यातल्या सहा बागांमधून माती आणली आहे, प्रत्येक बागेत दोन चांगल्या झाडांखालची आणि दोन मर लागलेल्या झाडांखालची, म्हणजे एकूण 24 नमुने. डीएनए मी स्वतः काढला. सिक्वेन्सिंग बाहेरून करून घेतलं: 16एस जनुकाचा (ज्यावरून जिवाणू ओळखतात) व्ही3-व्ही4 भाग, मायसेक मशीन, दोन्ही बाजूंनी 300-300 बेस (डीएनएची अक्षरं), म्हणजे प्रत्येक तुकड्याचं एक फॉरवर्ड आणि एक रिव्हर्स रीड (मशीनने केलेलं वाचन).

डेटा आल्यावर फास्टक्यूसी (गुण तपासणारा प्रोग्राम) चालवून बघितलं. फॉरवर्ड फाईलचा आलेख 250 पर्यंत हिरव्या पट्ट्यात राहतो, मग उतरतो. रिव्हर्सचा मात्र 200 च्या पुढे पिवळ्यातून थेट लाल पट्ट्यात जातो. ते बघून पोटात गोळाच आला. एक रीड उघडून अक्षर-अक्षर बघितलं. चौथ्या ओळीत, जिथे प्रत्येक अक्षराचा गुण एकेका चिन्हाने लिहिलेला असतो, सुरुवातीला कॅपिटल जी आणि एफ यांचीच रांग, साधारण 190 नंतर मधूनमधून स्वल्पविराम आणि अधिकची चिन्हं, आणि शेवटी # # # # # अशी शेपटी.

आमच्या विभागातल्या एका सिनियरने सांगितलं, "क्यू-30 च्या खाली काही ठेवायचं नाही, पेपरमध्ये तसंच लिहितात." (क्यू म्हणजे मशीनने प्रत्येक अक्षराला दिलेला खात्रीचा गुण.) म्हणून ट्रिमोमॅटिक या छाटणीच्या प्रोग्राममध्ये चार बेसची खिडकी, सरासरी 30 (सलग चार अक्षरांची सरासरी त्याखाली गेली की तिथून पुढचं कापायचं), कमीत कमी लांबी 100, असं लावलं. पुन्हा फास्टक्यूसी केलं तर आलेख सगळे हिरवेगार. मला वाटलं काम झालं.

मग डाडा-टू मध्ये दोन्ही बाजू जुळवायला घेतल्या. एका नमुन्यात 1,12,000 जोड्या होत्या. छाटणीनंतर 81,000 उरल्या, इथवर ठीक. जुळल्या फक्त 3,100. बाकीच्या नमुन्यांतही तीच गत.

तरी म्हटलं, जेवढं आहे त्यावर बघू. नावं लावली तर जवळपास सगळीकडे रायझोबियमचे नातेवाईकच दिसतात. स्यूडोमोनास आणि बॅसिलस नावालाही नाहीत. आता यातली एक बाग ज्या काकांची आहे, ते दर महिन्याला ठिबकातून स्यूडोमोनास आणि बॅसिलसचं द्रावण सोडतात. माती घ्यायला गेले तेव्हा त्यांनी बाटल्या दाखवल्या होत्या आणि म्हणाले होते, "पोरी, एवढं बघून सांग, हे पैसे मातीत जातात की वाया जातात." माझ्या निकालाप्रमाणे वाया जातात. पण 3,100 जोड्यांच्या जोरावर हे त्यांना सांगायचं धाडस होत नाही.

गुरुवारी गाईडसमोर बसायचं आहे. माती खराब होती, सिक्वेन्सिंग खराब आहे, की माझं काही चुकलं?


मालदांडी_35
सोमवार, रात्री 11:20

एक आधी तपासा. ट्रिमोमॅटिक जोडीच्या पद्धतीने चालवलं होतं ना? की फॉरवर्ड आणि रिव्हर्स फाईल वेगवेगळ्या चालवल्या? मी पहिल्यांदा ज्वारीच्या डेटावर तसंच केलं होतं. एका फाईलमधून एक रीड गळलं, दुसरीतून भलतंच, आणि मग अमक्याची जोडी तमक्याशी लागायला लागली. प्रोग्राम काही तक्रार करत नव्हता, त्यामुळे महिनाभर कळलंच नाही.


सांगोला_माती
सोमवार, रात्री 11:31

हो, जोडीनेच. चार फाईली तयार झाल्या: दोन्ही बाजूंच्या जोडी टिकलेल्या दोन आणि एकट्या राहिलेल्या दोन. मी जोडीच्याच घेतल्या. दोन्हींतल्या ओळींची संख्याही सारखी आहे आणि पहिल्या-शेवटच्या रीड्सची नावंही जुळतात.


कडक_भाकरी
मंगळवार, सकाळी 7:15

ताई, मातीचा दोष नाही. सिक्वेन्सिंगचाही फारसा नाही. तुम्ही सांगताय तसा आलेख 300 बेसच्या मायसेक डेटात नेहमी दिसतो, रिव्हर्स बाजू पडतेच. तुमच्या जोड्या छाटणीत गेल्या. कशा गेल्या ते हिशेबाने बघू, कारण हा हिशेब सुरुवातीलाच कागदावर मांडायला हवा आणि तो शिकवतं कोण?

प्रायमर (तुकड्याच्या दोन टोकांना बसणारे छोटे डीएनए क्रम) 341 आणि 805 वाले असतील. हे आकडे ई. कोलाय च्या 16एस जनुकातल्या जागा आहेत. म्हणजे प्रायमर धरून तुकडा झाला सुमारे 465 बेसचा. तुमच्याकडे दोन्ही बाजूंनी 300, एकूण 600. मधे 135 बेस दोन्ही रीड्स एकमेकांवर येतात. ही तुमची शिल्लक. छाटणीत जे कापाल ते या शिल्लकीतून जातं. शिल्लक संपली की दोन टोकं एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत, मग जुळवणारा प्रोग्राम कितीही चांगला असो. डाडा-टू ला जुळवायला किमान 12 बेस लागतात, मी स्वतः 20 च्या खाली जात नाही.

आता तुमच्या छाटलेल्या फाईलींची सरासरी लांबी बघा. माझा अंदाज, फॉरवर्ड 230 च्या आसपास आणि रिव्हर्स 150. बेरीज 380. लागतात 465 आणि वर 20. जवळजवळ शंभर बेसचं खिंडार आहे.

खिडकी 30 वर ठेवली की काय होतं तेही बघा. समजा एका रीडमध्ये 140 व्या जागेपासून चार गुण असे आहेत: 38, 38, 12, 30. बेरीज 118, सरासरी 29.5. झालं, तिथून पुढचं सगळं गेलं. त्यातलं एकच अक्षर कच्चं होतं आणि पुढची 60 अक्षरं कदाचित 37-37 ची असतील. 20 ची अट असती तर खिडकी आरामात पुढे सरकली असती.

आणि क्यू-30 च्या खालचं खरंच एवढं वाईट असतं का? गुणाचा अर्थ चुकीची शक्यता. 10 म्हणजे दहात एक, 20 म्हणजे शंभरात एक, 30 म्हणजे हजारात एक. 25 म्हणजे साधारण 316 मध्ये एक. आता 200 बेसचं एक रीड घ्या, सगळी अक्षरं 25 गुणांची. चुकांची अपेक्षित संख्या 200 भागिले 316, म्हणजे 0.63. अख्ख्या रीडमध्ये एक पूर्ण चूकसुद्धा अपेक्षित नाही! तुमच्या अटीने हे रीड पहिल्या खिडकीतच बाद.

म्हणून डाडा-टू मध्ये सरासरी गुणाऐवजी ही अपेक्षित चुकांची बेरीज बघतात. सरासरी फसवी असते. दोन अक्षरं घ्या, एक 40 चं आणि एक 2 चं. सरासरी 21, म्हणजे चांगलंच वाटतं. पण 2 गुण म्हणजे 63 टक्के चुकीची शक्यता. दोघांची मिळून शक्यता काढली तर अक्षरामागे 31 टक्क्यांच्या वर येते, म्हणजे खरा गुण जेमतेम 5.

आता काकांच्या बाटल्यांकडे येतो, कारण तुमच्या पोस्टमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग मला तोच वाटला. व्ही3-व्ही4 तुकडा सगळ्या जिवाणूंत सारख्या लांबीचा नसतो. रायझोबियम ज्या गटात येतो त्या अल्फाप्रोटिओबॅक्टेरियात व्ही3 मधला एक तुकडा आखूड असतो, साधारण 25 बेसने. बॅसिलस आणि स्यूडोमोनास लांब गटातले. तुमची टोकं आधीच एकमेकांपासून दूर. त्यातून जी थोडी लांब उरलेली रीड्स होती, ती आखूड तुकड्यावर कशीबशी भेटली आणि लांब तुकड्यावर भेटलीच नाहीत. म्हणजे रायझोबियम जुळला, स्यूडोमोनास गळला. तुमच्या तक्त्यात दिसतंय ते बऱ्याच अंशी तुमच्या कात्रीचं मोजमाप आहे. काकांना यावरून काहीही सांगू नका. तुम्ही थांबलात हे फार चांगलं केलंत.

काय करा ते सांगतो. मूळ फाईलींवर परत जा. आधी कटअडॅप्टने प्रायमर काढा, फॉरवर्डचा 17 बेसचा आणि रिव्हर्सचा 21 बेसचा, आणि ज्या रीडमध्ये प्रायमर सापडत नाही ते टाकून द्या. मग खिडकीबिडकी न लावता डाडा-टू मध्येच ठराविक लांबीवर कापा. फॉरवर्ड 263, रिव्हर्स 199 पासून सुरू करा. प्रायमर गेल्यावर लांब तुकडा 427 चा राहतो. 263 अधिक 199 म्हणजे 462. आच्छादन, म्हणजे एकमेकांवर येणारा भाग, 35. अपेक्षित चुकांची मर्यादा फॉरवर्डला 2, रिव्हर्सला थोडी सैल, 4 किंवा 5 ठेवून बघा. एकाच नमुन्यावर आधी.


सांगोला_माती
मंगळवार, सकाळी 8:02

आत्ता लांबी काढली. फॉरवर्ड सरासरी 226, रिव्हर्स 148.

दादा, रात्रभर मी मातीच्या थर्मासमधल्या बर्फापासून डीएनए किटपर्यंत सगळ्याला दोष देत होते. आज लॅबमध्ये पोचले की पहिल्यांदा हेच लावते. पण एक समजावून सांगा, रिव्हर्सच का खराब येतो? आणि शेवटाकडेच का?


नान्नज_माळरान
मंगळवार, दुपारी 1:40

याचं उत्तर मी देते, वर्गात दरवर्षी देते.

आपल्याकडे मिरवणुकीत शाळेच्या पोरांचं लेझीम पथक असतं ना, ते डोळ्यांसमोर आणा. हजार पोरं एका तालात. प्रत्येक ठोक्याला एखादं पोरगं चुकतं, कुणी ठोका मागे राहतं, कुणी एक पुढे जातं. पहिल्या वीस ठोक्यांना काही कळत नाही, आवाज एकच येतो. अडीचशेव्या ठोक्यापर्यंत मागे राहिलेले आणि पुढे गेलेले इतके होतात की छन् असा एक आवाज न येता नुसता गलका ऐकू येतो. पोरं थकलेली नसतात, ताल विस्कटलेला असतो.

इल्युमिनाच्या काचेवरही तसंच होतं. एका ठिपक्यावर डीएनएच्या एकाच तुकड्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात. प्रत्येक फेरीत प्रत्येक प्रतीला एकच रंगीत अक्षर जोडायचं आणि फोटो काढायचा. एखाद्या प्रतीला त्या फेरीत अक्षर लागतच नाही, ती मागे राहते. एखादीला दोन लागतात, ती पुढे पळते. चूक दर फेरीला थोडी, पण साठत जाते. कॅमेऱ्याला एका ठिपक्यातून दोन-तीन रंगांची सरमिसळ दिसायला लागते आणि मशीन प्रामाणिकपणे गुण कमी देतं. तुम्ही बघितलेली # ची शेपटी म्हणजे 2 गुण. त्या चिन्हाचा संगणकातला क्रमांक 35, त्यातून 33 वजा. अधिकचं चिन्ह 10, स्वल्पविराम 11, प्रश्नचिन्ह 30, कॅपिटल एफ 37, कॅपिटल जी 38. एवढं पाठ असलं की फाईल नुसती डोळ्याने चाळूनही अंदाज येतो. 2011 च्या आधीच्या जुन्या इल्युमिना फाईली हाती लागल्या तर मात्र तिथे 64 वजा करावे लागतात, नाहीतर सगळंच उत्कृष्ट दिसतं.

रिव्हर्सचं कारण वेगळं. पहिलं वाचन संपल्यावर त्याच ठिपक्यावर उलटी साखळी नव्याने बनवावी लागते. तोवर उजेड आणि रसायनं सोसून काही प्रती गेलेल्या असतात. पथक लहान झालेलं असतं आणि त्यातून दुसरा डाव खेळायचा असतो.

16एस मध्ये आणखी एक भर पडते. सगळ्या ठिपक्यांवर जवळजवळ तेच जनुक, त्यामुळे पहिल्या काही फेऱ्यांत सगळीकडे एकच अक्षर चमकतं आणि मशीनला ठिपके वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून त्यात फायएक्स विषाणूचा डीएनए मिसळतात. किती टक्के मिसळला होता ते सिक्वेन्सिंग करणाऱ्यांना विचारा. हा प्रश्न विचारायचा विद्यार्थ्यांना संकोच वाटतो. पैसे तुम्ही दिलेत, विचारायचा.

हे गुण देण्याची पद्धत फ्रेड या प्रोग्रामपासून आली. ब्रेंट ईविंग आणि फिल ग्रीन यांनी 1998 मध्ये ती मांडली, मानवी जीनोम प्रकल्पाच्या काळात. त्यामागची कळकळ अशी होती की मशीनने नुसतं "हे ए आहे" असं न सांगता "हे ए आहे आणि मला एवढी खात्री आहे" असं सांगावं. ती खात्री पुढच्या प्रोग्रामला वापरू द्यायची असते. आपण आधीच सगळं कापून टाकलं तर ती माहितीही त्याबरोबर जाते.


निकष_महत्त्वाचे
मंगळवार, संध्याकाळी 6:25

असहमत. क्यू-30 हा जगभर मान्य असलेला निकष आहे. प्रत्येक सिक्वेन्सिंग रिपोर्टमध्ये पहिल्या पानावर तोच आकडा असतो. विद्यार्थ्यांना "थोडं खराबही चालतं" असं सांगणं धोक्याचं आहे. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतो.


कडक_भाकरी
मंगळवार, रात्री 9:10

तुमची काळजी रास्त आहे, पण दोन वेगळ्या गोष्टी एक होताहेत. रिपोर्टवर लिहितात ते "एकूण बेसपैकी इतके टक्के क्यू-30 किंवा त्यावर". ते मशीनच्या त्या फेरीचं प्रगतिपुस्तक आहे. प्रत्येक रीड कुठे कापायचं याची ती रेघ नाही. वर्गाचा निकाल 80 टक्के लागला म्हणून 80 च्या खालच्या पोरांना शाळेतून काढत नाहीत.

ट्रिमोमॅटिकच्या स्वतःच्या माहितीपानावरचं उदाहरण चारची खिडकी आणि 15 ची सरासरी असं आहे. म्हणजे ज्यांनी हत्यार घडवलं त्यांनीच हात हलका ठेवलाय.

परीक्षकाला दाखवायला यापेक्षा भक्कम गोष्ट आहे: प्रत्येक पायरीवर किती रीड्स उरली त्याचा तक्ता. मूळ किती, प्रायमर काढल्यावर किती, गाळणीनंतर किती, जुळल्यावर किती, कायमेरा (दोन वेगळे तुकडे जोडले जाऊन झालेले खोटे क्रम) काढल्यावर किती. एका पायरीवर एकदम घसरगुंडी दिसली की तिथेच थांबायचं. ताईंच्या तक्त्यात 81,000 नंतर 3,100 होते, रोग तिथेच दिसत होता.


तेल्या_जीनोम
बुधवार, सकाळी 11:05

धागा वाचून धीर आला, म्हणून माझंही विचारते. डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा जिवाणू, झँथोमोनास, फळावरच्या डागातून वेगळा करून त्याचा पूर्ण जीनोम करून घेतला. नोव्हासेक, 150-150 बेस. गुण सुरेख आहेत, छाटायला काही नाहीच असं वाटलं. पण कित्येक रीड्सच्या शेवटी जी जी जी जी अशी वीस-तीस अक्षरांची रांग आहे आणि तिलाही गुण उत्तम! झँथोमोनासमध्ये जी आणि सी चं प्रमाण 65 टक्क्यांच्या आसपास असतं हे माहीत आहे. मग हे खरंच असेल का?


कडक_भाकरी
बुधवार, सकाळी 11:48

खरं नाही, ताई. नोव्हासेक आणि नेक्स्टसेकमध्ये चार अक्षरांना दोनच रंग वापरतात आणि जी ला रंगच नसतो. अंधार म्हणजे जी. तुकडा संपला किंवा ठिपक्याचा उजेडच गेला तरी मशीनला अंधारच दिसतो, आणि ते ठामपणे जी, जी, जी लिहीत जातं. इथे गुणांवर छाटणी करून उपयोग नाही, कारण गुण चांगलेच आहेत.

फास्टपी वापरा. रीडच्या नावावरून ते ही मशीनं ओळखतं आणि जी ची शेपटी आपोआप कापतं. कटअडॅप्टमध्ये यासाठी नेक्स्टसेकची वेगळी सोय आहे, ती आपण चालू करावी लागते. जीनोममध्ये आतल्या भागात जी-सी जास्त असणं वेगळं, आणि रीडच्या अगदी टोकाला सलग जी येणं वेगळं. झँथोमोनासच्या जी-सी ला त्याने धक्का लागणार नाही.

नोव्हासेकचे गुण आणखी एका बाबतीत वेगळे. तिथे 0 ते 40 मधले सगळे आकडे येत नाहीत, 2, 12, 23 आणि 37 अशा चारच पायऱ्या असतात. त्यावर 30 ची अट लावली म्हणजे फक्त 37 वाले खरे. 24 लावा नाहीतर 36 लावा, निकाल तोच. लोक पेपरमध्ये मोठ्या अचूकतेने आकडा लिहितात, पण त्या मशीनवर त्याला अर्थच उरत नाही.

आणि अडॅप्टर (सिक्वेन्सिंगसाठी तुकड्याच्या टोकांना जोडलेला कृत्रिम क्रम) न विसरता काढा. तुकडा 150 पेक्षा आखूड असेल तर वाचन पलीकडच्या अडॅप्टरमध्ये घुसतं. जीनोम जोडायचा असेल तर ते सगळ्यात घातक, कारण अडॅप्टर सगळीकडे एकच असतो आणि जोडणारा प्रोग्राम त्यालाच दुवा समजतो.


तेल्या_जीनोम
बुधवार, दुपारी 3:30

फास्टपी लावलं, जी च्या शेपट्या गेल्या. अडॅप्टर 4 टक्के रीड्समध्ये निघाला. मनापासून आभार.


मालदांडी_35
बुधवार, रात्री 10:15

माझ्यासाठीही एक ओळ लिहा. रब्बी ज्वारी, पाण्याचा ताण दिलेल्या आणि न दिलेल्या रोपांचं आरएनए सिक्वेन्सिंग. मलाही 30 चीच सवय आहे.


नान्नज_माळरान
गुरुवार, सकाळी 6:50

आरएनए मध्ये हात आणखी हलका. अडॅप्टर काढा, गुणांची अट 5 किंवा फार तर 10. मॅथ्यू मॅकमॅनेस यांनी 2014 मध्ये हेच तपासून दाखवलं होतं की कडक छाटणीने ट्रान्सक्रिप्टची (आरएनए क्रमांची) जोडणी सुधारत नाही, उलट बिघडते. आणि जीनोमवर बसवून मोजणार असाल तर स्टारसारखे प्रोग्राम रीडचं न जुळणारं टोक स्वतःच बाजूला ठेवतात. छाटून अगदी आखूड झालेली रीड्स मात्र चार-चार ठिकाणी बसतात आणि जनुकांचे आकडे फिरवतात. म्हणून किमान लांबीची अट ठेवा.

एक विनंती सगळ्यांनाच. मूळ फाईल कधीही बदलू नका. माझ्या एका विद्यार्थ्याने छाटलेल्या फाईलला मूळ फाईलचंच नाव दिलं आणि मूळ डेटा त्यावर पुसला गेला. सिक्वेन्सिंग करणाऱ्यांकडची प्रत तीन महिन्यांनी काढून टाकलेली होती. त्याचं दीड वर्षाचं शेतावरचं काम होतं. डेटा आला की पहिल्या दिवशी मूळ फाईलींना फक्त वाचण्याची परवानगी ठेवा, एमडी-फाईव्ह (फाईल जशीच्या तशी आहे का ते सांगणारा आकडा) जुळवा आणि एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. पुढे फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात किंवा अमेरिकेच्या एनसीबीआय मध्ये जमा करायला मूळच लागते.


सांगोला_माती
शनिवार, संध्याकाळी 5:40

गुरुवारची बैठक मी सोमवारवर ढकलून घेतली. गाईडना खरं काय झालं ते सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकलं.

आता निकाल. त्याच नमुन्यात 1,12,000 पैकी प्रायमर सापडलेल्या 1,06,000. 263 आणि 199 ला कापून, चुकांची मर्यादा 2 आणि 5 ठेवून उरल्या 84,000. जुळल्या 77,000. कायमेरा काढल्यावर 61,000. 3,100 च्या जागी 61,000! डेटा तोच, माती तीच. रिव्हर्स 210 आणि 190 लाही करून बघितलं. 210 ला गाळणीत जास्त रीड्स गळली, 190 ला जवळपास तेवढीच जुळली, पण आच्छादन 26 वर आलं. म्हणून 199 च ठेवलं.

जुळलेल्या तुकड्यांच्या लांबीचा आलेख काढला, त्यात दोन उंचवटे स्पष्ट दिसतात, एक 402 जवळ आणि एक 427 जवळ. जुन्या निकालात पहिलाच उंचवटा होता, दुसरा जवळपास सपाट. दादांनी लिहिलं होतं तेच, पण डोळ्यांनी बघितल्यावर बराच वेळ स्क्रीनसमोर बसून राहिले.

स्यूडोमोनास आहे. बॅसिलसही आहे. काकांच्या बागेत चारही नमुन्यांत दोन्ही आहेत. पण जे लोक काहीच सोडत नाहीत त्यांच्या बागेतही दोन्ही आहेत, फरक लहान आहे. आणि 16एस च्या या तुकड्यावरून बाटलीतला स्यूडोमोनास आणि मातीतला मूळचा स्यूडोमोनास वेगळा ओळखता येत नाही. तेव्हा काकांना फोन करून एवढंच सांगितलं, "आहेत, पण तुमच्या बाटलीतले तेच की आधीचे, हे अजून सांगता येत नाही." ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. मग पुढच्या वेळी एक ओळ बाटलीशिवाय ठेवतो, तू तिथली पण माती घे." तुलनेची ओळ ठेवायची हे त्यांना मी सांगायच्या आधी सुचलं.

पुढचा प्रश्न. मर रोगात मुख्य हात बुरशीचा, सेराटोसिस्टिसचा, आणि ती 16एस मध्ये दिसणारच नाही. म्हणून याच नमुन्यांचं आयटीएस (बुरशी ओळखायचा डीएनएचा भाग) पाठवतेय. तिथेही हेच आकडे लावायचे का?


कडक_भाकरी
शनिवार, रात्री 8:20

अजिबात नाही. बुरशींमध्ये आयटीएस ची लांबी 25 ने नाही, शंभर-दोनशे बेसने बदलते. ठराविक लांबीवर कापलंत तर त्या लांबीपेक्षा आखूड रीड्स डाडा-टू सरळ टाकून देतं, आणि आखूड आयटीएस असलेल्या बुरशी मुळातच जातील. तिथे लांबीवर कापायचंच नाही. फक्त अपेक्षित चुकांची मर्यादा आणि किमान लांबी 50 ठेवा.

प्रायमर मात्र दोन्ही टोकांना शोधा. आखूड तुकड्यात वाचन पलीकडच्या प्रायमरमधून आरपार जातं, म्हणून फॉरवर्ड रीडच्या शेवटी रिव्हर्स प्रायमरचा उलटा-पूरक क्रम सापडतो. कटअडॅप्टला दोन्ही रूपं द्या. आणि अक्षर न सापडलेली, एन असलेली रीड्स प्रायमर शोधण्याआधीच काढून टाका, नाहीतर प्रायमर नीट जुळत नाही.

डेटा आला की कापण्याआधी एका नमुन्याचा आलेख आणि प्रायमर किती ठिकाणी सापडले ते आकडे इथे टाका. आपण मिळून बघू.


सांगोला_माती
शनिवार, रात्री 8:34

टाकते. पुढच्या आठवड्यात पार्सल जातंय.